धरणं भरतात, मग पाणी पुरत का नाही? मुठेच्या येव्याचा हिशेब

सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुठेच्या खोऱ्यातली खडकवासला प्रकल्पाची चारही धरणं (खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर) जवळपास दरवर्षी भरतात. जुलैत नदीकाठच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं आणि त्याच सोसायट्या एप्रिलमध्ये टँकर मागवतात. मग नदीचं पाणी घटलंय की वाढलंय? पुढची तीस वर्षं पुण्याला पाणी पुरेल का? आणि जाता जाता, बाणेरला नदीकाठी फ्लॅट बघतोय, तो घ्यावा का?

आधी थेट उत्तर देतो. वर्षाची बेरीज घेतली तर मुठा आटलेली नाही. पाणी येण्याचं वेळापत्रक बिघडलंय हे खरं, पण पुण्याच्या टंचाईचं ते मुख्य कारण नाही. मुख्य कारण म्हणजे शेतीच्या हिशेबाने बांधलेल्या धरणांवर आपण अख्खं शहर आणून बसवलं. हे नीट कळायचं तर पाणी मोजतात कसं इथपासून सुरुवात करावी लागेल.

पुलाच्या खांबावर काळ्या-पांढऱ्या आकड्यांची पट्टी रंगवलेली दिसते. ती वाचून कळते फक्त पातळी. किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) वाहतात हे कळायला एकदा पात्राचा आडवा छेद घ्यावा लागतो, प्रवाहमापक पाण्यात सोडून ठिकठिकाणचा वेग मोजावा लागतो आणि त्यावरून ‘इतक्या पातळीला इतका प्रवाह’ असा तक्ता बांधावा लागतो. तक्ता बांधताना पात्र जसं होतं तसं ते राहिलं तरच त्यातला आकडा खरा. पुण्यात ते राहत नाही. काठावर राडारोडा पडतो, गाळ साचतो, जलपर्णी पुलाच्या कमानीत अडकते. मग तेवढंच पाणी पट्टीवर वरचा आकडा दाखवतं आणि जुना तक्ता लावणारा माणूस प्रवाह जास्त धरून बसतो. उलटंही होतं. सकाळी आठला पट्टी वाचायची आणि पूर येऊन जायचा रात्री दोनला. पुराची उंची मग बाभळीच्या फांदीला अडकलेल्या प्लास्टिकवरून ठरवायची. शंभर वर्षांच्या नोंदी आहेत असं कोणी अभिमानाने सांगितलं की मी आधी विचारतो, तक्ता शेवटचा कधी सुधारला?

दुसरी भानगड अशी की पट्टीवर दिसते ती ‘नदी’ नसतेच. वर अडवलेलं, वळवलेलं, उपसलेलं सगळं वजा होऊन आणि परत सोडलेलं मिळून जे उरतं ते तिथे दिसतं. पुण्यात मुठेला मिळणाऱ्या मुळेचंच बघा. मुळशीचं धरण टाटांनी १९२० च्या दशकात बांधलं. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. तेव्हापासून मुळेच्या वरच्या खोऱ्यातलं बरंचसं पाणी पूर्वेला न येता बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे जातं आणि तिथून कुंडलिकेत. कोलाडला राफ्टिंगला जाता ना, ते याच वळवलेल्या पाण्याच्या जोरावर चालतं. पुण्यातल्या नोंदींत मुळा तेव्हापासून खाली आलेली दिसली तर त्यात हवामानाचा संबंध शून्य.

शहराच्या खालच्या बाजूला नेमका उलटा प्रकार. मे महिन्यात मुळा-मुठा पूर्वी बारीक धारेवर येई. आता ती बारा महिने वाहते, कारण धरणातून नळाने घरी आलेलं पाणी ड्रेनेजमधून नदीत येतं. या नोंदी कोणी संगणकात घालून कल काढला तर ‘उन्हाळी प्रवाहात लक्षणीय वाढ’ असा निष्कर्ष निघेल. गणित बरोबर, नदी चुकीची! म्हणून कल काढण्याआधी नोंदी मूळपदावर आणाव्या लागतात. वरच्या धरणांच्या साठ्यातला फरक, वळवलेलं पाणी आणि बाष्पीभवन मिळवायचं आणि परत आलेलं सांडपाणी वजा करायचं. मुठेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १८७९ पर्यंत मोकळी नदी, मग एकटं खडकवासला, मग १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यात खडकवासलाही गेलं, पुढे दोन्ही पुन्हा उभी राहिली, नंतर वरसगाव आणि शेवटी टेमघर. संगमापाशी या सगळ्या काळांत जी वाहिली ती एकच नदी समजून सरसकट रेघ ओढणं मला पटत नाही.

त्यापेक्षा धरणाची ‘आवक’ बरी. पेपरात येणारी आवक कोणी मोजलेली नसते, ती काढलेली असते: आजचा साठा वजा कालचा साठा, अधिक सोडलेलं पाणी, अधिक बाष्पीभवन. ताशी आकड्यात ती फसवते, कारण वाऱ्याने पातळी दोन-तीन सेंटिमीटर हलली तरी आवक हजारो क्युसेकने उडी मारते. पण हंगामाची बेरीज भरवशाची असते.

आता पाऊस आणि येवा. येवा म्हणजे पाणलोटातून नदीत किती पाणी उतरलं ते. आपल्याच खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे पहिले संचालक क्लॉड इंग्लिस आणि त्यांचे सहकारी डिसूझा यांनी १९२९ साली पश्चिम भारतातल्या नोंदींवरून दोन सूत्रं बांधली. घाटासाठी: पावसाच्या ०.८५ पट, वजा ३०.५. पठारासाठी: पाऊस गुणिले (पाऊस वजा १७.८), भागिले २५४. आकडे सगळे सेंटिमीटरमध्ये. ढोबळ सूत्रं आहेत, आज त्यावर कोणी धरण बांधणार नाही, पण इथल्या जमिनीचा स्वभाव त्यांनी अचूक पकडला होता. घाटात ३०० सेंटिमीटर पाऊस धरा, येवा येतो २२४.५. पाऊस वीस टक्क्यांनी घटवून २४० करा, येवा १७३.५, म्हणजे घट २३ टक्के. पाऊस घटला साधारण तेवढाच येवा घटला. आता पठारावर या. ७० सेंटिमीटरला येवा १४.४. वीस टक्के घटवून ५६ केला तर ८.४. घट थेट ४१ टक्के! काळी माती आणि कोरडा खडक आपला वाटा आधी घेतात. कमी पावसातही तो त्या मानाने फारसा घटत नाही, म्हणून उरलेल्याची कत्तल होते.

पुण्याचं नशीब बलवत्तर ते इथे. टेमघर मुठेवर, वरसगाव मोसेवर, पानशेत आंबीवर, सगळी घाटमाथ्याच्या कुशीत. शहरात वर्षाला सत्तर-बहात्तर सेंटिमीटर पाऊस पडतो, पण आपण पितो ते पाणी शहरावर पडलेलं नसतंच. म्हणून चारही धरणं भरतात आणि त्याच वर्षी पलीकडे कऱ्हेवरचं नाझरे अर्धं राहतं. जेजुरी-सासवडच्या माणसाला ‘यंदा पाऊस थोडा कमी झाला’ या वाक्याचा अर्थ कोथरूडच्या माणसापेक्षा वेगळा कळतो.

मग घाटातला येवा स्थिर असताना अडचण कसली? इथे ‘विश्वासार्हता’ हा शब्द येतो. आपल्याकडे सिंचनाची धरणं साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्ह येव्यावर बेततात. शंभरातल्या ७५ वर्षी तेवढं किंवा जास्त पाणी येईल, उरलेल्या २५ वर्षी तूट. ही तूट चूक नव्हे, ती आराखड्यातच गृहीत धरलेली असते. तूट आली की उन्हाळी आवर्तन (कालव्यातून शेतीला पाणी सोडायची पाळी) कमी करायचं, कोणाचा ऊस वाळेल, कोणी भुसार घेईल, पुढच्या वर्षी भरून निघेल. पिण्याच्या पाण्याला हे चालत नाही. शहर चार वर्षांतून एकदा उपास करत नाही.

खडकवासला प्रकल्पाचा एकूण उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट): वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला जेमतेम १.९७. पुणे महापालिकेचा जुना करार ११.५ टीएमसीचा. आज शहर वर्षाला वीस टीएमसीच्या आसपास उचलतं, म्हणजे दिवसाला दीडशे कोटी लिटरच्या पुढे. लोकसंख्या वाढली, गावं समाविष्ट झाली, वाटेत गळती मोठी, हे सगळं मान्य. पण त्याच साठ्यावर हवेली, दौंड, इंदापूरचा कालवाही आहे. त्यामुळे शेतीसाठी राखलेली ‘तुटीची सहनशक्ती’ शहराने खाऊन टाकली. येवा तसाच राहिला, स्थिरता गेली. शहर वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) कालव्यात देतं. कागदावर हा सौदा चांगला आहे. पाण्याची प्रत आणि प्रमाण यावर शेतकऱ्यांची तक्रार कायम असते, आणि नदीकडे बघितलं की ती उगाच नाही हे कळतं.

विश्वासार्हतेचा आकडा कुठल्या वर्षांच्या नोंदींवरून काढला, यावरही सगळं अवलंबून. कृष्णा खोऱ्याचं उदाहरण आपल्या घरचं आहे, कारण मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेलाच मिळतं. राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशी ७८ वर्षांची मालिका घेतली आणि ७५ टक्के विश्वासार्ह येवा २०६० टीएमसी धरला. त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षं घेतली, तर तोच आकडा २१७३ निघाला. शिवाय वाटपासाठी त्यांनी ६५ टक्क्यांचा २२९३ आणि सरासरीचा २५७८ हेही आकडे धरले. नदी तीच. ७५ टक्क्यांचेच दोन आकडे घेतले तरी फरक ११३ टीएमसीचा, म्हणजे जवळजवळ चार खडकवासला प्रकल्प. तिकडे अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ साली झालं, ते नेमक्या ओल्या वर्षांच्या नोंदींवर. त्या कागदी पाण्यासाठी तिथली राज्यं आजही भांडतायत. हर्स्ट नावाच्या इंग्रज जलशास्त्रज्ञाने नाईलच्या शेकडो वर्षांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की ओली वर्षं ओल्यांना आणि कोरडी कोरड्यांना चिकटून येतात, निव्वळ योगायोगाने येतील त्याहून जास्त. म्हणून कोणी वीस वर्षांचा आलेख दाखवून ‘कल’ म्हणाला की मी जरा सावध होतो. चांगल्या वर्षांच्या घोळक्यात मंजूर झालेल्या योजना वाईट वर्षांच्या घोळक्यात अडकतात.

आता वेळापत्रक. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिप्पट झाल्याचं दिसलं. बेरीज फारशी न बदलता पाऊस थोड्या दिवसांत कोंबून पडतो, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. धरणाला हे कसं झेपतं ते बघू. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की १ टीएमसी होतो, हा आकडा पाठ करून ठेवा, पेपर वाचताना फार उपयोगी पडतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्या गतीने दिवसाला ३ टीएमसी होतात. खडकवासला अख्खं रिकामं असतं तरी सोळा तासांच्या आत भरलं असतं. ‘आधीच सोडून का ठेवलं नाही’ हा राग मला समजतो, विसर्गाची सूचना वेळेत मिळायलाच हवी, पण खडकवासला हे पूर अडवणारं धरण नाही, ते वरच्या तीन धरणांचं दार आहे. वरची धरणं भरत आली असतील आणि शिवाय खडकवासल्याच्या स्वतःच्या पाणलोटात पाऊस कोसळत असेल तर दार उघडावंच लागतं.

कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा याची जलाशय परिचालन सूची असते. जुलैत थोडी जागा मोकळी ठेवायची आणि सप्टेंबरअखेर धरण भरलेलं असायला हवं, अशी तिची रचना. ती जुन्या नोंदींवर बसवलेली आहे. पाऊस कोंबून पडू लागला तर सूची अंदाजावर चालवावी लागेल: तीन दिवसांचा भरवशाचा अंदाज आला की आधी सोडायचं. यात जोखीम अधिकाऱ्याच्या डोक्यावर. सोडलेलं पाणी परत आलं नाही तर मे महिन्यात त्याच्या नावाने शंख, न सोडता पूर आला तर जुलैत. मग कोण धाडस करणार? नियमातच त्याला संरक्षण दिल्याशिवाय हे घडायचं नाही.

आणि सगळे पूर धरणाचे नसतात. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला त्यात कुठल्याही धरणाचा दरवाजा नव्हता. कात्रजच्या बाजूला पाऊस पडला, ओढ्याची वाट अडलेली होती, बस्स.

२०१८ चं वर्ष मी नेहमी उदाहरण म्हणून सांगतो. पावसाळ्याच्या मध्यावर घाटातली धरणं भरून पाणी सोडावं लागलं. मग सप्टेंबर कोरडा गेला, परतीच्या पावसाने दगा दिला आणि ३१ ऑक्टोबरला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. भरलेलं धरण आणि दुष्काळ एकाच हंगामात कसे? परतीचा पाऊस घाटातल्या धरणाला फारसं पाणी देत नाही, तो पठारावरच्या जमिनीला ओल देतो. तो चुकला की दौंड-इंदापूरचा शेतकरी कालव्याची मागणी महिनाभर आधी करतो, विहिरी लवकर तळ दाखवतात, आणि धरणातली आवक एका थेंबानेही न घटता साठा झपाट्याने उतरतो. पगार तोच, पण महिन्याच्या पाच तारखेला दवाखान्याचं बिल यावं तसं. म्हणून ‘धरणं शंभर टक्के’ ही ऑगस्टमधली बातमी वाचून हुरळू नका. १५ ऑक्टोबरचा साठा बघा, त्यानंतर कालवा सल्लागार समितीने किती आवर्तनं ठरवली ते बघा आणि पुढच्या १ जूनला किती उरलं ते बघा. तिसरा आकडा वर्षानुवर्षं खाली येत असेल तर शहर काठावर जगतंय, मग धरण कितीदा का भरेना.

पुढच्या तीस वर्षांबद्दल. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार दक्षिण आशियातला मोसमी पाऊस या शतकात एकूण वाढण्याकडे झुकेल आणि वर्षावर्षांतली तफावतही वाढेल. म्हणजे घाटाचं पाणी संपेल म्हणून मला भीती नाही. एक वाईट वर्ष ओलांडून दुसऱ्यात जाण्याइतकं पाणी शिल्लक ठेवायची आपल्याला सवय नाही, भीती त्याची आहे. नवीन धरणाला जागा नाही, आहेत त्यांत गाळ येतोय, भामा आसखेडचं पाणी आलं तेही पूर्वेकडच्या भागाने लगेच पिऊन टाकलं. मुळशीचं पाणी मागायची चर्चा दर उन्हाळ्यात होते. ते आलं तर आनंदच, पण त्याने मागणी कमी होत नाही. भूजलावर फार विसंबू नका. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, गंगेच्या खोऱ्यासारखा जाड गाळ नाही. भेगांत आणि कुजलेल्या थरात मावेल तेवढंच पाणी, ते एका पावसात भरतं आणि एका उन्हाळ्यात संपतं. तुमच्या सोसायटीची बोअर आणि शेजारच्या सोसायटीची बोअर बहुतेक वेळा एकाच भेगेतून पितात. पुनर्भरण जरूर करा, छताचं पाणी गाळून सोडा, पण पाचशे फुटांची तिसरी बोअर घेण्यासाठी वर्गणी काढण्याआधी मीटर बसवा. फ्लॅटनिहाय मीटर लागले की वापर कसा खाली येतो ते कमिटीला आपोआप कळेल.

राहिला बाणेरचा फ्लॅट. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ऐकून लोक निवांत होतात. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर तेवढ्या काळात निळ्या रेषेचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के, लाल रेषेचा १८ टक्के, आणि हेही पावसाचा स्वभाव बदललेला नाही असं धरून. बाणेरला मुळशीच्या विसर्गाखेरीज धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातलं, हिंजवडी आणि माण या गावांकडचं पाणीही येतं. मुळा फुगली की रामनदी आणि देवनदीला पुढे वाट मिळत नाही, त्या मागे तुंबतात. त्यामुळे तुमची इमारत नदीपासून लांब आणि ओढ्याला लागून असेल तरी तपासणी तीच. बिल्डरला लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये विचारा. तळघरातल्या पार्किंगची, पाण्याच्या टाकीच्या झाकणाची आणि ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याची पातळीही त्याच मापात मागा. चारही आकडे लेखी मिळाले आणि शेवटचे तीन पहिल्यापेक्षा वर असले तर घ्या. नुसता नकाशावर बोट ठेवून ‘आपण रेषेच्या बाहेर आहोत’ म्हणाला तर दुसरी साइट बघा.